किती पट नव्हे, किती अंतर

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सोल्डरिंगसाठी भिंग घ्यायला गेलेला माणूस आधी विचारतो, किती पट मोठं दिसतं? खरं तर आधी विचारायला हवं, भिंगाखाली हाताला जागा किती उरते?

घड्याळजीचं दहा पटींचं भिंग घ्या. वस्तू त्याच्यापासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावी लागते. तेवढ्या फटीत तीनशे अंशांच्या वर तापलेलं आयर्न, चिमटा आणि सोल्डरची तार घालायची कुठून? फ्लक्सचा धूरही थेट तोंडावर. झालेला जोड तपासायला मात्र हे भिंग फार चांगलं.

१२०६ मापाचा रेझिस्टर ३.२ मिलिमीटर लांब असतो. त्याला कपाळावर बांधायचं भिंग पुरतं. पाच डायॉप्टरचं असेल तर सव्वादोन पट दिसतं, बोर्ड वीस सेंटिमीटर लांब राहतो आणि दोन्ही हात मोकळे. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

मोबाईलच्या बोर्डावर हिशेब बदलतो. ०२०१ मापाचा कपॅसिटर ०.६ बाय ०.३ मिलिमीटर, श्वास जोरात सोडला तरी उडून जाईल. इथे अनेक जण स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोप घेतात आणि फसतात. पडद्यावरच्या सपाट चित्रात आयर्नचं टोक पॅडला टेकलं की अजून वरच आहे, ते उमगत नाही. त्यात चित्र हाताच्या किंचित मागून येतं.

स्टिरिओ मायक्रोस्कोपमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळ्या कोनांतून प्रतिमा मिळते, त्यामुळे खोली कळते. दुरुस्तीच्या टेबलांवर दिसणारा नेहमीचा नमुना ७ ते ४५ पट दाखवतो, पण खाली साधारण दहा सेंटिमीटरच सोडतो. त्याला अर्ध्या पटीची बार्लो लेन्स लावली की अंतर दीडपटीहून जास्त वाढतं आणि एका वेळी दिसणारा बोर्डाचा भाग दुप्पट रुंद होतो. पट निम्मी होते, साडेतीन ते साडेबावीस. सोल्डरिंगला ती भरपूर झाली. फ्लक्सचा चिकट थरही मूळ भिंगाऐवजी या लेन्सवर बसतो, आणि ती काढून पुसता येते.

जुना मायक्रोस्कोप घेताना एक भंगार बोर्ड आणि चिमटा सोबत न्यावा. दोन्ही डोळ्यांची चित्रं विनासायास एक झाली नाहीत, तर भिंगांची जुळणी बिघडलेली असते. तासाभरात डोकं दुखायला लागतं, म्हणून कितीही स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये.