फ्रेंचचा ‘अपूर्ण’ भूतकाळ आणि आपलं ‘जायचो’, ‘जात होतो’



आजचा विषय प्राथमिकच्या वर्गातला नाही, पण त्याचं मूळ आपल्याच वर्गात आहे. आपल्या कळस, भिगवण, इंदापूर भागातली बरीच मुलं दहावीनंतर बारामतीला नाहीतर पुण्याला जातात. अकरावीला मराठीऐवजी फ्रेंच घेतलं की मार्क चांगले पडतात, असं कुणीतरी सांगतं आणि मुलं फ्रेंच घेतात. पहिले दोन-तीन महिने बरे जातात. मग भूतकाळ येतो. फ्रेंचमध्ये रोजच्या वापराचे भूतकाळ दोन, आणि कुठे कोणता वापरायचा हे काही केल्या कळत नाही. घरचे म्हणतात, “इंग्रजी कच्चं आहे ना, म्हणून जमत नाही.”

माझं मत बरोबर उलटं आहे. या ठिकाणी इंग्रजीच आड येते आणि मराठी वाट दाखवते. मी स्वतः फ्रेंचचा प्रमाणपत्र कोर्स केलाय, गावातली दोन-चार मुलं संध्याकाळी वही घेऊन येतात, त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. ‘मी काल बाजारात गेलो’ आणि ‘मी लहानपणी रोज बाजारात जायचो’ ही दोन वाक्यं इंग्रजीत सांगताना मूल दोन्हीकडे ‘वेन्ट’ वापरू शकतं. इंग्रजीत ते चुकीचंही नाही. पण फ्रेंचमध्ये ही दोन वेगळी रूपं आहेत. पहिल्याला पासे काँपोझे म्हणतात, दुसऱ्याला आँपार्फे. आँपार्फे म्हणजे शब्दशः ‘अपूर्ण’. जे मूल मनात इंग्रजी वाक्य करून मग फ्रेंच करतं, त्याच्यापुढे ‘वेन्ट’ उभा राहतो आणि फरक तिथेच पुसला जातो. जे मूल मराठीत विचार करतं त्याच्याकडे ‘गेलो’ आणि ‘जायचो’ हे वेगवेगळे शब्द आधीपासूनच आहेत. चार वर्षांचं पोरसुद्धा यात चुकत नाही!

उलट मराठीत तर आपण फ्रेंचपेक्षाही बारीक विभागणी करतो. आँपार्फेचं एकच रूप मराठीत तीन ठिकाणी वाटलं जातं. चालू असलेली क्रिया : मी जात होतो. सवयीची क्रिया : मी जायचो, किंवा पुस्तकी भाषेत मी जात असे. आणि नुसती स्थिती : घर मोठं होतं, मला भूक लागलेली होती, पाऊस होता. हायस्कूलच्या व्याकरणात आपण पहिल्याला अपूर्ण भूतकाळ आणि दुसऱ्याला रीती भूतकाळ म्हणून शिकवतो. मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. त्याचा असा उपयोग होईल हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मराठीत आणखी एक जुनं रूप आहे. ‘तो रोज देवळात जाई’, ‘आजी पहाटे उठे’, ‘ते शेतात राबत’. जुन्या व्याकरणकारांनी याला ई-आख्यात असं नाव दिलंय. आता बोलण्यात हे उरलं नाही, पण साने गुरुजींच्या पिढीच्या लेखनात भरपूर सापडतं. हे रूप आँपार्फेच्या फार जवळचं आहे. मदतीला दुसरं क्रियापद लागत नाही, आणि ‘तो जाई, ती जाई’ यात लिंगाने फरक पडत नाही. आँपार्फेही तसाच, एका शब्दाचा आणि लिंग न बघणारा. मुलांना हे दाखवलं की ‘असा काळ असतो होय?’ हा परकेपणा जातो.

आता रूपं कशी करायची ते सांगते. एक सूचना. फ्रेंच उच्चार देवनागरीत नेमके बसत नाहीत, मी जवळचे लिहिते आहे. त्यातला ‘झ’ आपल्या झाडातलाही नाही आणि झेंड्यातलाही नाही, तो शिक्षकांच्या तोंडूनच ऐकावा. अक्षरांची नावं मात्र इंग्रजीप्रमाणे घेतली आहेत.

नियम असा : वर्तमानकाळातलं ‘आम्ही’चं रूप घ्या, त्याच्या शेवटचं ओ-एन-एस काढून टाका, जे उरेल तो धातू. पार्ले म्हणजे बोलणे. ‘आम्ही बोलतो’ म्हणजे नू पार्लों. शेवट काढला की उरतं ‘पार्ल’. त्याला पुढचे शेवट लावायचे. मी आणि तू यांना ए-आय-एस, तो-ती यांना ए-आय-टी, आम्हीला आय-ओ-एन-एस, तुम्हीला आय-ई-झेड, ते-त्या यांना ए-आय-ई-एन-टी. म्हणून दाखवायचं तर : झ पार्ले, त्यु पार्ले, इल पार्ले, नू पार्लियों, वू पार्लिए, इल पार्ले.

बघा, सहापैकी चार रूपं कानाला सारखीच. बिस्किटाचं नाव घेतल्यासारखं पार्ले, पार्ले, पार्ले! मुलं इथे हसतात आणि लक्षातही ठेवतात. मात्र लिहिताना तीन वेगळी स्पेलिंगं, म्हणून हा काळ नुसता ऐकून येत नाही, हाताने लिहावाच लागतो.

हा नियम इतका चांगला आहे की बाकी ठिकाणी वाकडी चालणारी क्रियापदंही इथे सरळ येतात. संपवणे : नू फिनिसों, त्यावरून झ फिनिसे. जवळ असणे : नूझाव्हों, त्यावरून झाव्हे. जाणे : नूझालों, त्यावरून झाले. (मराठी ‘झाले’शी याचा काही संबंध नाही, पण लक्षात राहायला मदत होते.) अपवाद एकच, ‘असणे’. त्याचं ‘आम्ही’चं रूप नू सोम, त्याला ओ-एन-एस नाहीच, मग काढणार काय? म्हणून त्याचा धातू वेगळा पाठ करावा लागतो : झेते, त्यु एते, इलेते. मराठीतही ‘असणे’चा भूतकाळ ‘होता’ असा वेगळ्याच मुळावरून येतो, हे मुलांना सांगा. स्पेलिंगची एक गंमत माँझे, म्हणजे खाणे, या क्रियापदात आहे. त्यातल्या जी अक्षराचा उच्चार ‘झ’ राहावा म्हणून ए-आय-एसच्या आधी ई ठेवतात. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपात शेवटच आय ने सुरू होतो, तिथे त्या ई ची गरज नाही.

रूपं आठवड्यात येतात. खरं काम निवडीचं आहे, आणि त्यासाठी मी मुलांना आधी फ्रेंच देतच नाही. मराठीत चार ओळी देते :

लहानपणी आमच्या दारात चिंचेचं झाड होतं. आम्ही रोज त्याखाली खेळायचो. एके दिवशी आम्ही खेळत होतो, तेवढ्यात फांदी मोडली. आजी धावत आली.

क्रियापदांखाली रेघा मारायला लावते. होतं, खेळायचो, खेळत होतो : तिन्ही आँपार्फे. मोडली, आली : दोन्ही पासे काँपोझे. जे पसरलेलं आहे ते एकीकडे, जे घडून गेलं ते दुसरीकडे. ‘तेवढ्यात’ हा शब्द आला की पुढे बहुतेक दुसरा काळ येतो. हीच चाळणी ‘माहीत होतं’ आणि ‘कळलं’ यांनाही लागते. फ्रेंचमध्ये या दोन्हींना एकच क्रियापद आहे. आँपार्फेत झ साव्हे म्हटलं की ‘मला माहीत होतं’, पासे काँपोझेत झे स्यु म्हटलं की ‘मला कळलं’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर एक पान समजावून घ्यावं लागतं, आपल्या मुलांना दोन मराठी शब्द पुरतात.

तरी मराठी सगळीकडे साथ देते असं नाही. तीन ठिकाणी ती फसवते, आणि हे पालकांनी नाही तरी शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पहिलं, मोजलेला कालावधी. ‘काका दहा वर्षं पुण्यात राहत होते’ असं आपण सहज म्हणतो. पण दहा वर्षं म्हटल्यावर कुंपण पडलं, फ्रेंच तिथे पासे काँपोझे वापरते. मोजलेल्या खेपांचंही तसंच. ‘दरवर्षी पालखीबरोबर बेलवाडीच्या रिंगणाला जायचो’ हे आँपार्फे, ‘तीन वेळा रिंगणाला गेलो’ हे पासे काँपोझे.

दुसरं, ‘होतो’ दिसला की मुलं डोळे झाकून आँपार्फे लिहितात. ‘मी जेवलो होतो’ हा पूर्ण भूतकाळ आहे. फ्रेंचमध्ये तिथे मदतीचं क्रियापद आँपार्फेत येतं, झाव्हे माँझे, आणि मुख्य क्रियापद वेगळ्या रूपात. म्हणजे आपला ‘होतो’ तिथे आहेच, पण एकटा नाही.

तिसरं सगळ्यात नाजूक. ‘आजी ओट्यावर बसली होती.’ रूप पूर्ण भूतकाळाचं, पण अर्थ काय? आजी त्या वेळी बसलेल्या स्थितीत होती. इथे फ्रेंच ‘होती’ला आँपार्फेत घालते आणि ‘बसलेली’ हे विशेषण लावते. रूपाकडे न बघता चित्राकडे बघा, एवढंच मी मुलांना सांगते.

आणि उच्चाराचा सापळा वेगळाच. झ पार्ले म्हणजे ‘मी बोलत होतो’, झे पार्ले म्हणजे ‘मी बोललो’. कानाला फरक जवळजवळ ‘झ’ आणि ‘झे’ एवढाच. श्रुतलेखनात मार्क इथेच जातात. रोज पाच जोड्या मोठ्याने वाचून घ्या, दुसरा उपाय मला माहीत नाही.

एक वापर मला फार आवडतो. ऑफिसात गेल्यावर आपण ‘काम आहे’ म्हणत नाही, ‘साहेब, जरा काम होतं’ म्हणतो. काम तर आत्ताच असतं! भूतकाळाने विनंतीची धार कमी होते. फ्रेंच माणूसही दुकानात, कचेरीत ‘मला हवं आहे’ऐवजी आँपार्फेत झ व्हुले म्हणतो, ‘मला जरा विचारायचं होतं’ अशा अर्थाने. ‘जायचं का?’ असं सुचवतानाही आपण ‘भिगवणला पक्षी बघायला गेलो तर?’ म्हणतो. फ्रेंचमध्ये तिथेही ‘जर’ आणि पुढे आँपार्फे : सि ओंनाले?

मराठी आणि फ्रेंच एकाच दप्तरात असणं ही काही कल्पना नाही. मॉरिशसमध्ये आपल्या कोकणातून गेलेल्या कुटुंबांची वस्ती आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत फ्रेंच सगळ्यांना असतं आणि मराठी ऐच्छिक विषय म्हणून घेता येतं.

प्राथमिकच्या शिक्षकांनी यातलं काय करावं? फ्रेंच शिकवायची गरज नाही. तिसरी-चौथीत ‘आजीला विचारा, तुम्ही लहानपणी काय करायचात?’ हा गृहपाठ द्या. मुलं घरून ‘आजी विहिरीवरून पाणी आणायची, बैलगाडीतून बाजाराला जायची’ असं लिहून आणतील. मग दुसऱ्या दिवशी सांगा, आता आजीच्या बाबतीत एकदाच घडलेली एक गोष्ट लिहा. ‘एकदा आजी जत्रेत हरवली.’ दोन्ही पानं शेजारी ठेवा आणि क्रियापदांना दोन रंगांच्या खडूंनी गोल करा.