कुंडीतला हिवाळा

घरात पडून राहिलेला जुना कांदा उभा चिरला की मधोमध हिरवट कोंब दिसतो. ट्युलिपचा कंद सप्टेंबरच्या सुमाराला असाच उभा कापून भिंगाखाली धरला, तर कोंबासोबत आख्खं फूल सापडतं. काही मिलिमीटरांचं आणि अजून रंग न चढलेलं, पण सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधला स्त्रीकेसर असं सगळं जागच्या जागी असलेलं. पानं सुकून गेल्यावर कंद निजलाय असं आपल्याला वाटतं, त्याच उन्हाळ्यात आत हे काम उरकलेलं असतं.

म्हणजे विकत आणलेल्या चांगल्या कंदात फूल तयारच असतं. कुंडीत लावणाऱ्याने त्याला द्यायचा असतो तो हिवाळा.

थंडी आणि फुलाचं नातं नाशिकच्या कांदा उत्पादकाला चांगलं ठाऊक आहे. थंडी लांबली की कांद्याला डेंगळे येतात. कांदा पोसायचा सोडून फुलाचा दांडा वर काढतो. कांद्याला थंडी फूल धरायला लावते. ट्युलिपमध्ये फूल आधीच धरलेलं असतं, थंडीमुळे त्याच्या दांड्याला लांबता येतं. त्यासाठी २ ते ९ अंश सेल्सिअस तापमान १२ ते १६ आठवडे लागतं. या काळात कंदातल्या पिठूळ साठ्याची हळूहळू साखर होते आणि नंतर ऊब मिळताच दांडा झपाट्याने वर येतो. थंडी कमी पडली तर दांडा आखूड राहतो. फूल पानांच्या बेचक्यातच उमलतं किंवा तिथेच सुकून जातं.

ही सवय त्याच्या मूळ गावची. मध्य आशियातल्या तिएन शान आणि पामीरच्या उतारांवर हिवाळा गोठवणारा, तर उन्हाळा रखरखीत कोरडा. मधल्या थोड्याशा वसंतात फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षाचा साठा करायचा, तर फूल आधीच तयार ठेवण्याला पर्याय नाही. तुर्कस्तानच्या बागांतून हा कंद युरोपात गेला. १५९३ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लायडन विद्यापीठाच्या बागेत तो लावला आणि १५९४ च्या वसंतात तिथे फुलं आली. नेदरलँड्सला लागेल तेवढी थंडी फुकट मिळत होती. तशीच ती काश्मीरला मिळते. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेली ट्युलिप बाग मार्चअखेरीस फुलते ती शरदात लावलेल्या कंदांतून. दिल्लीच्या रस्त्यांवर फेब्रुवारीत दिसणाऱ्या ट्युलिपचे बहुतेक कंद मात्र नेदरलँड्सहून आणलेले असतात.

महाराष्ट्रात हा हिवाळा फ्रिजमध्ये मिळतो. कंद विकत घेताना ते आधी थंड केलेले आहेत का, हे विचारावं. नसतील तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. त्याच कप्प्यात सफरचंदं किंवा केळी मात्र नकोत. आंब्याची अढी ज्या वायूने पिकते, तोच इथिलीन वायू ही पिकलेली फळं सोडतात, आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत करपते. पिशवीवर ठळक नाव लिहावं, कारण कंद छोट्या कांद्यासारखा दिसतो आणि तो खाण्याजोगा नाही. त्याच्या रसाने काहींच्या हाताला खाजही सुटते.

लागवड डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला, रात्री गार असताना करावी. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा, त्यावर माती, जाड वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. ट्युलिपला सर्वांत मोठा धोका साचलेल्या पाण्याचा, त्यामुळे कुंडीखाली ताटली ठेवू नये. सहा इंची कुंडीत पाच-सहा कंद एकमेकांना न चिकटतील असे, टोक वर करून बसवावेत. कंदाची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या कडेकडे करावी. पहिलं मोठं पान त्याच बाजूने फुटतं, म्हणजे पानं बाहेर झुकतात आणि मधली जागा फुलांना मोकळी राहते. एकदा भरपूर पाणी द्यावं, पुढे माती फक्त ओलसर ठेवावी. मुळं धरेपर्यंत कुंडी गार सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावी.

फूल आल्यावरही तापमानाशी त्याचं नातं सुटत नाही. ऊब वाढली की पाकळ्यांच्या आतल्या बाजूच्या पेशी भराभर वाढतात आणि फूल उघडतं. गारव्यात बाहेरची बाजू वाढते आणि ते मिटतं. या उघडमिटीत पाकळ्या रोज थोड्या लांबतात. आपल्याकडच्या दुपारी फूल लवकर दमतं, म्हणून ऊन चढताच कुंडी आत घ्यावी.

हाच कंद पुढच्या वर्षी फुलेल, ही आशा मात्र आपल्याकडे धरू नये. फुलताना जुना कंद संपतो आणि त्याच्या पोटी नवे कंद धरतात. ते पोसण्यासाठी डच शेतकरी उमललेली फुलं खुडून टाकतात, म्हणजे पानांनी केलेलं अन्न कंदाला मिळतं. त्या पानांना पुढे कित्येक आठवडे गार वसंत हवा असतो; आपल्या मार्चच्या उन्हात ती त्याआधीच पिवळी पडतात. पुढच्या वर्षी फुलं हवी असतील तर कंद नवे आणावे लागतात, आणि ऑक्टोबर लागताच भाजीच्या कप्प्यातली सफरचंदं बाहेर काढावी लागतात.