खळ्यावरची रास आणि बळदातलं धान्य



नांदेड-लातूरकडच्या माणसाला पावसाच्या हिशेबाचे मोल सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणूनच आम्ही एका सभासदाच्या फडात छोटे हवामान यंत्र बसविले. पाऊस, तापमान व जमिनीतील ओल यांची ते नोंद ठेवते. त्याच्या पोटात तळहाताएवढा संगणक असून तो ‘लिनक्स’ प्रणालीवर चालतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. सकाळी यंत्र आपोआप सुरू झाले, दिवा लागला, सगळे ठीक दिसले. पण आठ दिवसांची नोंद पार पुसलेली! सभासद विचारायला आले, “साहेब, आठ दिवसांत पाऊस किती पडला? पाणी देऊ का थांबू?” आम्ही काय सांगणार? चूक आमचीच होती.

असे का झाले?

मेमरी कार्डावर लिहिता लिहिता वीज गेली तर कार्ड बिघडू शकते. शिवाय सारखे लिहून ते झिजतेही. म्हणून अशा यंत्रात मूळ प्रणाली ‘फक्त वाचा’ अशी बंद ठेवतात आणि रोजची लिखापढी ‘रॅम’ या तात्पुरत्या जागेत करतात. रॅम म्हणजे आपले खळे. रास कितीही मोठी असो, सर आली की गेली! टिकवायचे ते बळदातच भरले पाहिजे. इथे बळद म्हणजे कार्डाचा वेगळा भाग किंवा पेनड्राइव्ह. तो एका ठरावीक डिरेक्टरीला जोडावा लागतो. याला ‘माउंट’ म्हणतात.

आम्ही पेनड्राइव्ह एकदा हाताने जोडला आणि निश्चिंत झालो. मध्यंतरी यंत्र बंद पडून चालू झाले, तेव्हा तो परत जोडला गेला नाही. त्या नावाची रिकामी डिरेक्टरी मात्र होतीच. यंत्र बिचारे तिच्यातच नोंदी टाकत राहिले. दार बळदाचे, आत मात्र खळे!

आता आम्ही काय केले?

१) काय टिकवायचे ते आधी ठरविले : पावसाच्या नोंदी, यंत्राची मापे आणि बिघाडाची रोजनिशी.

२) पेनड्राइव्हची नोंद ‘एफएसटॅब’ या यादीत केली. यंत्र सुरू होताना तो आपोआप जोडला जातो. यादीत त्याचा कायमचा ओळख क्रमांक घातला. कारण ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे बदलू शकतात.

३) लिहिण्यापूर्वी बळद खरोखर जोडले आहे का, हे यंत्र तपासते. नसेल तर लाल दिवा लागतो.

४) मुद्दाम वायर काढून पाहिली. यंत्र परत चालू झाल्यावर जुन्या नोंदी जागेवर सापडल्या, तेव्हाच काम पुरे झाले असे आम्ही मानले.

त्या आठ दिवसांचा हिशेब शेवटी कुठे मिळाला? शेजारच्या फडाच्या मालकांकडे साधे पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी ते मुलाच्या वहीत पेन्सिलीने आकडा टिपतात. त्यावरूनच आम्ही पाणी थांबवायला सांगितले.

तेव्हा ज्यांच्याकडे पर्जन्यमापक आहे, त्यांनी वही बंद करू नये, ही विनंती. यंत्र आले म्हणून पेन्सिल टाकायची नसते, बरं का!

— ऊस विकास अधिकारी