साडेतीन हजार रोपं, बारा माणसं

हैदराबादच्या नेकनामपूर तलावात पाणी स्वच्छ करण्यासाठी 2018 मध्ये 3,000 चौरस फुटांचा एक हिरवा तराफा सोडला गेला. खाली बांबू, त्यावर थर्माकोल, मग गोणपाट, वर खडी. माती नावालाही नाही. वाळा, कर्दळ, पाणकणीस अशी 3,500 रोपं, मुळ्या थेट पाण्यात लोंबणाऱ्या. देशातला सर्वांत मोठा तराफा म्हणून त्याची वाहवा झाली. ती रास्तच होती, पण हिशोब मांडून बघण्यासारखा आहे.

तलावाला शेवाळाचा हिरवा रंग चढतो तो मुख्यतः फॉस्फरसच्या जोरावर. 1 ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे 114 ग्रॅम सुकं शेवाळ पोसलं जातं. माणसाच्या मलमूत्रातून रोज किमान 1 ग्रॅम बाहेर पडतो. म्हणजे 10,000 वस्तीचा एक नाला तलावात सोडला, तर रोज टनभराहून जास्त सुक्या शेवाळाची सोय झाली! आणि वाढही कशी? पेशी रोज दुप्पट होत गेल्या, तर एकीच्या महिन्याभरात 107 कोटी होतात. मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष तर असं, की 1 ग्रॅममध्ये 10 लाख लिटर पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेला टेकतं.

आता झाडांची बाजू. तराफ्यावरच्यासारख्या, जोमानं वाढलेल्या पाणवनस्पती वर्षाला हेक्टरी फार तर 150 किलो फॉस्फरस उचलतात. तराफा भरतो 280 चौरस मीटर, म्हणजे वर्षाला चार किलोच्या आसपास. बारा माणसांचा! चाळीच्या एका मजल्यावर याहून जास्त लोक राहतात. तेही झाडं वेळच्या वेळी कापून बाहेर नेली तर. तिथंच कुजली तर उचललेलं बरंचसं पुन्हा पाण्यात.

बंगळुरूचा बेळंदूर तलाव सुमारे 900 एकरांचा. तो काठोकाठ झाडांनी झाकला, तरी याच दरानं दीड लाख माणसांचा फॉस्फरस निघेल. शहर एक कोटीच्या पुढचं.

मग झाडं बिनकामाची? मुळीच नाही. मुळ्यांवरचे जीवाणू नायट्रेटचा वायू करून उडवतात, मुळ्यांत गाळ अडकतो. पाण्याखाली उगवणाऱ्या वनस्पती तळ धरून ठेवतात, म्हणून चिखल ढवळला जात नाही. उष्ण प्रदेशात मात्र एक मेख आहे. इथं बारीक मासे झाडांत दडून शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवांनाच फस्त करतात. चीनमध्ये हुईझोऊच्या वेस्ट लेकमध्ये म्हणूनच आधी मासे काढले, मग पाण्याखालची रोपं लावली, पाणी निवळलं.

तुमच्या गावच्या तळ्यात उद्या असा तराफा आला, तर फीत कापायला आलेल्यांना दोनच गोष्टी विचारा: तळ्यात किती नाले येतात, आणि ही झाडं वर्षातून किती वेळा, कोण कापणार?