चौकोन दिसला तर बरं, अक्षर गुपचूप बदललं तर पंचाईत

मी वसईत राहते आणि विहिरींच्या पाण्यावर पीएचडी करते. पहिल्या वर्षी सगळ्यांसारखंच साहित्य-सर्वेक्षण चालू होतं. भूजलातल्या आर्सेनिकवरचा एक जुना शोधनिबंध वेबपेजच्या रूपात सापडला. त्यातला तक्ता मी ब्राउझरमधून उचलला, एक्सेलमध्ये चिकटवला आणि पुढच्या निबंधाकडे वळले. मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "अगं, हे पाणी लोक पीत होते ना? मग निबंधात आजारी माणसांचा उल्लेख कसा नाही?"

तक्त्यात एका विहिरीसमोर लिटरला ६ मिलिग्रॅम आर्सेनिक लिहिलं होतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजेच १० मायक्रोग्रॅम. माझ्या तक्त्यातली विहीर मर्यादेच्या ६०० पट वर गेली होती! त्याच निबंधाची छापील प्रत काढली तेव्हा कळलं की मुळात ६ मायक्रोग्रॅम होतं, मर्यादेच्या आतलं. पडद्यावर चौकोन नव्हता, प्रश्नचिन्ह नव्हतं, काहीच खटकत नव्हतं. फक्त मायक्रोचं 'म्यू' हे चिन्ह जाऊन तिथे साधा इंग्रजी 'एम' आला होता.

संशोधनाची तयारी करत असाल तर तुमच्यावरही हा प्रसंग येणारच. म्हणून आज फॉन्टच्या भानगडी नीट समजून घेऊ.

अक्षर वेगळं, त्याचं चित्र वेगळं

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे युनिकोडने ठरवून दिलंय. त्या अक्षराचं चित्र कसं काढायचं हे फॉन्ट ठरवतो. आणि फाइलमधले बाइट वाचून त्यांचे आकडे कसे करायचे, हे एन्कोडिंग सांगतं. आज वेबवर बहुतेक ठिकाणी ते यूटीएफ-८ असतं.

म्हणजे बिघाड तीन जागी होऊ शकतो: आकडा बरोबर पण चित्र नाही, बाइट बरोबर पण वाचले चुकीचे, किंवा आकडाच चुकीचा आणि चित्र मात्र छान. आधी यातलं काय झालंय ते ओळखा, मग उपाय शोधा. उगाच फॉन्टवर फॉन्ट टाकत बसू नका.

१. रिकामा चौकोन

याचा अर्थ आकडा पोचला, पण तुमच्या मशीनवरच्या एकाही फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही. या चौकोनाला गमतीने 'टोफू' म्हणतात. गुगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव त्यावरूनच आलं: 'नो टोफू'.

मोडी लिपी घ्या. ती युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी मजकूर पाठवला आणि तुमच्याकडे चौकोनांची रांग दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. नोटो सॅन्स मोडी हा फॉन्ट टाका, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, काम होतं. फायरफॉक्समध्ये अशा चौकोनाच्या आत बारीक आकडे-अक्षरं दिसतात. तो त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक असतो. तो शोधला की कुठल्या लिपीचा फॉन्ट हवा ते कळतं.

चौकोन फक्त बटणांच्या जागी दिसत असतील तर गोष्ट वेगळी. शोधाचं भिंग, डाउनलोडचा बाण अशी चिन्हं बऱ्याच साइट्स स्वतःच्या आयकॉन फॉन्टमधून दाखवतात. तो फॉन्ट जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनने किंवा कॉलेजच्या नेटवर्कने अडवला की बटणं चौकोनी होतात. आधी तेच पान एक्स्टेन्शन बंद करून उघडा, मग मोबाइलच्या नेटवर उघडा. दोन मिनिटांत दोषी सापडतो.

२. अगम्य मजकूर आणि प्रश्नचिन्हं

गुगल फॉर्मवर सर्वेक्षण घेतलंत, उत्तरं सीएसव्ही म्हणून उतरवली, डबल क्लिक केलं आणि आगाशी, निर्मळ, अर्नाळा या गावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसायला लागला. ओळखीचं वाटतंय? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो. एक्सेलने ते तीन बाइट तीन वेगवेगळी युरोपीय अक्षरं समजून वाचले, म्हणून तो 'ए' रांगेने उभा राहतो.

इथे एकच नियम: घाबरून सेव्ह करू नका. सेव्ह केल्यावर मूळ मजकूर परत मिळेलच याची खात्री नाही. फाइल बंद करा, कोरी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१: युनिकोड यूटीएफ-८' निवडा. गावं परत येतात.

ब्राउझरमध्ये अख्खं पान असं दिसलं तर फायरफॉक्सच्या 'व्ह्यू' मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, ते दाबून पाहा. क्रोमच्या मेनूत ही सोय आता नाही.

प्रश्नचिन्हांतही फरक करायला शिका. काळ्या हिऱ्याच्या आकारातलं प्रश्नचिन्ह म्हणजे ब्राउझरला बाइट वाचता आले नाहीत. कदाचित मूळ अजून शाबूत आहे. साधी प्रश्नचिन्हं ओळीने दिसली तर बहुधा साठवतानाच अक्षरं गेलेली असतात. मग ब्राउझरशी झगडून उपयोग नाही, मूळ प्रत शोधा.

३. काहीच खटकत नाही, तेव्हा

आता माझ्या आर्सेनिककडे येऊ. जुन्या काळी वर्डमध्ये ग्रीक अक्षर हवं असलं की 'सिम्बॉल' नावाचा फॉन्ट लावत. कळ दाबायची 'एम'ची, चित्र उमटायचं म्यूचं. फाइलमध्ये आकडा 'एम'चाच राहायचा. अशा फाइलचं वेबपेज झालं आणि ते नव्या ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडलं, की मुखवटा गळून पडतो आणि खालचा 'एम' दिसतो. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात, चूक १००० पटीची होते आणि शुद्धलेखन तपासणीलाही ती कळत नाही.

याच फॉन्टमुळे जुन्या सारांशांमध्ये 'पी'ची किंमत '£ ०.०५' अशी दिसते. तिथे मुळात '≤' होतं. '≥' च्या जागी वर चढवलेला '³' येतो, अल्फाचा 'ए' आणि बीटाचा 'बी' होतो. आकडेवारीत मध्येच पौंड आला तर समजा, काय झालंय ते.

हीच युक्ती आपण मराठीतही वर्षानुवर्षं वापरली. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट: आकडे रोमन अक्षरांचे, चित्रं देवनागरीची. त्यात कुणाचा मूर्खपणा नव्हता. एका बाइटमध्ये २५६च जागा मिळत. इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये आलं होतं आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. पण छपाईची आणि डीटीपीची निकड मोठी होती. विंडोजमध्ये देवनागरीचा युनिकोड फॉन्ट, 'मंगल', विंडोज २००० पासून मिळू लागला. तोवर लाखो पानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन गेली होती.

म्हणून एखाद्या जुन्या अहवालाच्या पीडीएफमध्ये डोळ्यांना 'विहीर' शब्द दिसतो, कंट्रोल-एफ करून शोधलं की शून्य निकाल येतात, आणि कॉपी केलं की रोमन कचरा. 'या अहवालात विहिरींचा उल्लेख नाही' असं लिहून मोकळे होऊ नका. उल्लेख असतो, आपला शोध आंधळा असतो. फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

रुपयाच्या चिन्हाचीही हीच कथा. चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, युनिकोडमध्ये ऑक्टोबर २०१० ला आलं. मधल्या काळात मंगळुरूच्या एका कंपनीने फॉन्ट काढला, त्यात टॅबच्या वरची कळ दाबली की ₹ उमटायचं. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती एक तिरकी टिकली दिसायची.

दिसायला एक, आतून दोन

युनिकोड वापरलं म्हणजे सुटलो असं नाही. 'ऍ'कार घ्या. 'ॲ' हे अक्षर २००८ पासून एकच आकडा आहे. त्याआधी 'अ' आणि चंद्र असे दोन आकडे जोडत. दिसतं सारखंच, पण एकाने लिहिलेला 'ॲसिड' दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. अर्ध्या 'र'चंही तसंच. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हा दुसरा 'र' दोन प्रकारे टाइप होतो, चित्र एकच उमटतं. मुलाखतींमधले शब्द मोजणार असाल तर आधी सगळे एका पद्धतीत आणा, नाहीतर मोजणी चुकेल आणि कारण कळणार नाही. म्यूसुद्धा दोन आहेत: मायक्रोचं चिन्ह ००बी५ आणि ग्रीक अक्षर ०३बीसी.

शंका आली तर सोपी चाचणी आहे. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच मागे कर्सर ठेवा आणि ऑल्ट-एक्स दाबा. त्याचा क्रमांक समोर येतो. ००६डी आला तर तो 'एम' आहे, मग दिसायला काहीही असो.

मी आता काय करते

कॉपी केलेल्या प्रत्येक तक्त्यातली निदान एक ओळ मूळ पीडीएफशी किंवा छापील प्रतीशी ताडून पाहते. स्तंभाच्या डोक्यावर एकक चिन्हाने न लिहिता 'मायक्रोग्रॅम प्रति लिटर' असं अक्षरांत लिहिते. उतरवलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच ठेवते, तिला हात लावत नाही. कुणाला काही पाठवायचं तर पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करते आणि आधी स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅडमचा प्रश्न स्वतःला विचारते: हा आकडा खरा असता तर त्या गावात काय झालं असतं? चौकोन दिसला की आपण आपसूक थांबतो. बाकी वेळी थांबायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

तुमच्या साहित्य-सर्वेक्षणाच्या शीटमध्ये एककांचा स्तंभ असेल तर आज एकदा उघडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. अर्धा तास जाईल. माझे तीन आठवडे गेले होते.