सव्वीस चौरस किलोमीटरची भिवंडी

६८६, ११,९६८, १६,८२४, २२,६३२. ‘माझी वसुंधरा अभियाना’च्या पहिल्या चार फेऱ्यांत उतरलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांची ही संख्या. २ ऑक्टोबर २०२० ला राज्याच्या पर्यावरण विभागाने अभियान सुरू केले, तेव्हा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती एकाच पर्यावरण-स्पर्धेत गुणांसाठी एकमेकींसमोर आल्या. चौथ्या फेरीपर्यंत सहभाग ३३ पट झाला. एवढ्या संख्येने एका पटावर आलेल्या पालिका-पंचायतींचे जाळे देशात क्वचितच सापडेल.

बेरीज फोडली की गोष्ट बदलते. पहिल्या फेरीतल्या ६८६ मध्ये ४३ अमृत शहरे (केंद्राच्या ‘अमृत’ योजनेतली), २२६ नगरपरिषदा, १२६ नगरपंचायती आणि २९१ ग्रामपंचायती होत्या. म्हणजे १०० सहभागींत ५८ नागरी. चौथ्या फेरीत नागरी संस्था ४१४ आणि ग्रामपंचायती २२,२१८, म्हणजे १०० मध्ये जेमतेम २ नागरी. शहरांचा आकडा चार फेऱ्यांत फक्त १९ ने वाढला, कारण वाढायला जागाच नव्हती. जवळपास सगळी शहरे पहिल्याच दिवशी आत होती. वाढ सगळी गावांची. राज्यातल्या २७,८९७ ग्रामपंचायतींपैकी पहिल्या फेरीत १ टक्का आल्या, दुसऱ्या फेरीत ४१, तिसरीत ५९ आणि चौथीत ८०. पाचव्या फेरीत तर सर्वच घेतल्या.

सगळेच आत आल्यावर सहभागाचा आकडा काही सांगेनासा होतो. शाळेत शंभर टक्के पटनोंदणी झाली म्हणून निकाल कळत नाही, तसेच हे. आता विचारायचे ते पुढचे: एकत्र आल्यामुळे या संस्थांना एकेकट्याने न जमणारे काय जमले?

हे तपासायला भिवंडी चांगली, कारण इथे एकट्याने काहीच जमत नाही.

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेचे क्षेत्र २६.३६ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ७,०९,६६५. चौरस किलोमीटरला साधारण २६,९०० माणसे. मागांचा अंदाज सहा-सात लाखांच्या आसपास सांगितला जातो. तो खरा धरला तर जवळपास माणशी एक माग. मागांमागे सायझिंग, डाईंग, प्रोसेस, त्यांचे बॉयलर आणि सांडपाणी येते.

पण ‘भिवंडी’ म्हटल्यावर आज उरलेल्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर माग येत नाही, गोदाम येते. ऑनलाइन मागवलेली मिक्सरपासून मोबाईलपर्यंतची वस्तू ‘भिवंडीहून निघाली’ असा निरोप मोबाईलवर येतो. ती गोदामे मात्र बहुतेक महापालिकेच्या हद्दीत नाहीत. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली ही ग्रामपंचायतींची गावे. २००७ मध्ये अशा ६० गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. म्हणजे सरपंच गावाचा, बांधकामाचा नकाशा एमएमआरडीएकडे, रस्ता कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचा तर कधी राष्ट्रीय महामार्गाचा, आणि कंटेनर उभा राहतो तो अंजूरफाट्यापासून शहरापर्यंत कुठेही.

अभियानाचा हिशेब इथेच अडतो. त्याची पाच तत्त्वे आहेत: भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश. गुण मात्र संस्थेला मिळतात, हद्दीनुसार. महापालिका शहरांच्या गटात, राहनाळ ग्रामपंचायत गावांच्या गटात. दोघींमध्ये एक रस्ता, एक नाला, एकच धूळ, गुणपत्रिका दोन. ग्रामपंचायतीने झाडे लावली, सौरदिवे बसवले, कचरा वेगळा केला तर तिला गुण मिळतात, ते योग्यच. तिच्याच हद्दीतल्या गोदामाकडे दिवसभर येणाऱ्या ट्रकांचा धूर शेजारच्या शहरात उतरतो. त्यासाठी दोघींच्याही पत्रिकेत रकाना नाही.

पहिल्या फेरीत अमृत शहरांत पहिले आले ठाणे. नगरपरिषदांत हिंगोली, नगरपंचायतींत शिर्डी, ग्रामपंचायतींत नाशिक जिल्ह्यातले पिंपळगाव बसवंत. ठाण्याने काम केले असेल यात शंका घेण्याचे कारण नाही. पण कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर लागते, आणि खाडीवरची हवा पुलाच्या मधोमध निकाल बघून थांबत नाही.

हद्दीने नशीब ठरण्याचा याहून ठळक नमुना केंद्राच्या योजनेत दिसतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत देशातली सुमारे १३० शहरे आहेत आणि महाराष्ट्रातली १९. भिवंडीभोवतीची ठाणे, नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर, वसई-विरार ही सगळी त्यात आहेत. भिवंडी नाही. २०११ ला पावणेदोन लाख वस्तीचे बदलापूर आत आणि त्याच्या चौपट वस्तीची भिवंडी बाहेर. यादीत नाव असले की शहराला हवेचा आराखडा करावा लागतो, धूलिकणांत ४० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट लागू होते आणि निधीचा दरवाजा उघडतो. २०११ च्या जनगणनेत भिवंडी हा बृहन्मुंबईपासून वेगळा नागरी समूह मोजला गेला, त्यामुळे पंधराव्या वित्त आयोगाने दशलक्षी समूहांच्या हवेसाठी दिलेल्या पैशांतही ती बसली नाही. उलट २०२१ मध्ये राज्यातली ४३ अमृत शहरे ‘रेस टू झिरो’ या जागतिक मोहिमेत दाखल झाली, तेव्हा भिवंडी आपोआप आत गेली. म्हणजे कर्ब उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या जगभरच्या शर्यतीत नाव आहे, शेजारच्या उल्हासनगरला मिळणाऱ्या धूळ कमी करण्याच्या योजनेत नाही.

(राजस्थानात भिवाडी नावाचे औद्योगिक शहर आहे. २०२१ च्या एका जागतिक अहवालात ते जगातले सर्वांत प्रदूषित शहर ठरले होते. तो आकडा भिवंडीच्या माथी मारू नये. इथे सांगण्यासारखे स्वतःचे पुरेसे आहे.)

मग हद्दीपलीकडे पाहणारे कोणी आहे का? आहे, आणि गंमत म्हणजे ते पर्यावरण खात्यात नाही.

२६ जानेवारी २००७ पासून भिवंडीत वीजवाटप टोरंट पॉवर या फ्रँचायझीमार्फत चालते. देशातला हा पहिला प्रयोग. टोरंटकडे आलेले क्षेत्र ७२१ चौरस किलोमीटर, महापालिकेच्या क्षेत्राच्या २७ पट. शहरातला माग, वळमधले गोदाम आणि तालुक्यातले खेडे एकाच हिशेबात. ताबा घेताना वितरण आणि वसुली मिळून गळती ५८ टक्के होती. काही वर्षांत ती २० टक्क्यांच्या खाली आली. टोरंटच्या बिलांवरून आणि मीटरवरून भिवंडीत किती मोर्चे निघाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि ती तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. मूल्यमापनाच्या दृष्टीने मात्र यात तीन गोष्टी स्पष्ट होत्या. सुरुवातीचा आकडा ठरलेला होता. क्षेत्र एकच होते. आणि आकडा हलला नाही तर कोणाला विचारायचे ते माहीत होते. ‘माझी वसुंधरा’कडे यातली तिसरी गोष्ट आहे, दुसरी भिवंडीपुरती नाही, आणि पहिली कोणालाच नीट विचारली जात नाही.

दुसरे उदाहरण पाण्याचे. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलायचे, टेमघरला शुद्ध करायचे आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या महापालिका व ठाणे जिल्हा परिषद यांना वाटायचे, हे काम ‘स्टेम’ कंपनी करते. शहाड-टेमघर यावरूनच ते नाव. भिवंडीला स्टेमकडून दिवसाला साधारण ७३ दशलक्ष लिटर मिळते, मुंबई महापालिकेकडून साधारण ४२ आणि वऱ्हाळा तलावातून थोडेसे. ११५ ला २०११ च्या लोकसंख्येने भागले तर माणशी १६२ लिटर येतात, आणि १३५ लिटरच्या मानकापुढे शहर सुखी दिसते. पण २००१ ते २०११ मध्ये लोकसंख्या १८.५ टक्के वाढली होती. तोच वेग पुढे धरला तर आज ती नऊ लाखांच्या वर जाते आणि माणशी पाणी १२८ लिटरच्या खाली येते, तेही पाइपांतली गळती न धरता. त्याच पाण्याने शहर एका भागाकारात मानकाच्या वर आहे आणि दुसऱ्यात खाली. फरक फक्त छेदाचा.

स्टेमचा मुद्दा मात्र छेदाचा नाही. तीन महापालिका आणि एक जिल्हा परिषद मिळून कंपनी चालवतात, कारण प्रत्येकीला पाणी हवे आहे आणि प्रत्येकीच्या नावाने बिल निघते. शेजारी शेजाऱ्याबरोबर बसतो तो अशा वेळी. बक्षीस समारंभाला बसतो, पण तिथून उठतोही लवकर.

बाहेरच्या जगात सहभागी किती आणि अट काय, याचे वेगवेगळे मेळ घातले गेले आहेत. १९९० मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या परिषदेतून ‘इक्ली’ ही स्थानिक सरकारांची संघटना निघाली. दोनशेच्या वर संस्थांनी सुरुवात करून ती अडीच हजारांच्या पुढे गेली आहे. ‘सी-४०’ हे शहरांचे जाळे २००५ मध्ये १८ शहरांनी सुरू केले आणि ते आजही शंभराच्या आत आहे, कारण तिथे टिकायला अटी आहेत. शहराचा हवामान कृती आराखडा हवा, त्यात मोजलेले उत्सर्जन हवे. मुंबई त्याची सभासद आहे, म्हणूनच मार्च २०२२ मध्ये मुंबईचा आराखडा आला. २०१९ चे उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन, त्यात २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ आणि २०५० ला निव्वळ शून्य. आकडे पुरे होतील की नाही हे पुढे दिसेल. निदान चुकले तर चुकले म्हणता येईल असे ते आहेत. त्यातही हद्द मुंबईचीच. मुंबईकराच्या दारात येणारी वस्तू भिवंडीच्या गोदामातून येते. तिथल्या एसीची वीज आणि मुलुंड टोलनाक्यापर्यंतचे डिझेल मुंबईच्या खात्यात पडत नाही.

आणि वाहतूक कमी होण्याची चिन्हे नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यात. नागपूरहून ७०१ किलोमीटर सरळ आलेला ट्रक इथे उतरतो. टप्पा खुला झाला तो दिवस पर्यावरण दिनाचा होता.

माझ्या मते पुढच्या फेऱ्यांत गुणतक्त्यात सर्वांत आधी एक बदल हवा: काही गुण संस्थेला न देता परिसराला द्यावेत. भिवंडी महापालिका आणि भोवतालची ६० गावे यांचे वायू आणि जल या दोन तत्त्वांचे गुण एकत्र काढले, तर राहनाळच्या सरपंचाला शहराच्या नाल्याची आणि आयुक्तांना मानकोलीच्या ट्रकांची काळजी करावी लागेल. भूमीचे गुण वेगळेच राहू द्यावेत. कचरा ज्याचा त्याने उचलावा. कामवारी नदीचे उदाहरण घ्या. ती तालुक्यातल्या गावांतून शहराला भिडते आणि पुढे खाडीत जाते. शहराने काठ सुशोभित केला म्हणून वरचे पाणी स्वच्छ होत नाही, आणि वरच्या गावांनी शोषखड्डे केले म्हणून डाईंगचे पाणी थांबत नाही. नदीवर दोन-तीन ठिकाणी महिन्याला एकदा तपासलेले पाणी हा एकच आकडा सगळ्यांच्या पत्रिकेवर छापला, तर झाडांच्या संख्येपेक्षा तो अधिक बोलेल.

दुसरा बदल जोड्यांचा. संस्था लोकसंख्येच्या गटात बसवल्या की भिवंडीची तुलना ज्यांच्याशी होते त्यांच्याकडे ना माग आहेत ना गोदामे. मालेगाव आणि इचलकरंजी लोकसंख्येने वेगळ्या मापाची, एक नाशिक जिल्ह्यात आणि एक कोल्हापुरात, पण सायझिंगच्या बॉयलरमध्ये काय जळते हा प्रश्न तिघींचा एकच. इचलकरंजीत कापड प्रक्रिया उद्योगांसाठी सामाईक सांडपाणी केंद्र झाले, तरीही पंचगंगेच्या तक्रारी थांबल्या नाहीत. केंद्र का पुरे पडले नाही, हे भिवंडीने केंद्र बांधण्याआधी विचारायला हवे. अभियानाकडे यशाच्या गोष्टींचे संग्रह असतात. अशा अर्ध्या यशाची गोष्ट त्यात सहसा येत नाही, कारण तिला गुण नाहीत.

कागद आणि जागेवरची पाहणी यांची त्रयस्थ तपासणी आजही होते. ती चालू राहावी, पण २८ हजारांच्या घरातल्या संस्था दरवर्षी तपासणे म्हणजे कोणालाच नीट न तपासणे. दर तीन वर्षांनी एकदा, पण सुरुवातीच्या आकड्याशी ताडून तपासले तर माणसे आणि पैसा दोन्ही पुरतील.

२०२२ च्या मध्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत भिवंडी महापालिकेत नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकांकडे होता. या काळात अभियानाचे अर्ज भरले जाण्यात अडचण नव्हती, ते काम अधिकारीच करतात. पण ६० गावांशी बोलणी करायला आणि त्यासाठी पैसा मंजूर करायला सभागृह लागते. आता ९० जणांचे सभागृह आहे.

सुरुवातीचा आकडा कोणत्या वर्षाचा धरायचा, हे मात्र सभागृहाच्या हातात नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. माणशी पाणी, माणशी कचरा, माणशी वीज हे सगळे भागाकार त्यानंतरच खरे होतील. तोवर भिवंडीबद्दल छापला जाणारा प्रत्येक दरडोई आकडा २०११ च्या ७,०९,६६५ ने भागलेला आहे का, हे आधी पाहून घ्यावे.