आडवी दांडी आणि खरे वजन

काट्याची दांडी आडवी राहिली की तोल बरोबर, अशी आम्हां धान्यवाल्यांची जुनी समजूत. ती अर्धीच खरी आहे.

टांगलेला काटा ही एक तरफ होय. ती स्थिर राहण्यास दोन अटी लागतात. खाली ओढणारा सर्व भार वरच्या आकड्याने पेलला पाहिजे, ही पहिली. ती फक्त साखळी किती मजबूत हवी एवढेच सांगते. दुसरी अट अशी की, टेकूच्या दोन्ही बाजूंची परिबले समान हवीत. परिबल म्हणजे भार गुणिले टेकूपासूनचे अंतर. हिशेब टेकूपासून मांडला असता आकड्याच्या ओढीचे अंतर शून्य होते व ती अज्ञात रक्कम आपोआप गळते. सारांश, काटा वजनांची नव्हे, परिबलांची तुलना करतो.

सन १९८४ मध्ये बेळगावच्या आमच्या अडतीवर काट्याची दुरुस्ती झाली. तीत मधले छिद्र अर्धा सेंटीमीटर सरकले. एक भुजा ५० सेंटीमीटर राहिली, दुसरी ४९. आखूड बाजूच्या पारड्याखाली कारागिराने शिसे लावले. ते पारडे ५ किलोचे, समोरचे ४.९ किलोचे, दोहोंकडे परिबल २४५. (दांडीच्या स्वतःच्या वजनाचा किरकोळ फरक येथे सोडला आहे.) रिकामा काटा अगदी आडवा! आम्ही निश्चिंत.

माल नेहमी आखूड बाजूस पडे. पलीकडे ५० किलोची वजने, परिबल २५००. त्यास ४९ ने भागता ५१ किलो २० ग्रॅम. शेतकऱ्याचे पोत्यामागे किलोहून अधिक धान्य जात होते. विक्रीही त्याच पारड्यातून होई, म्हणून गोदामाची शिल्लक वहीशी तंतोतंत जुळे व संशयास जागाच नव्हती.

एका वृद्ध शेतकऱ्याने म्हटले, "शेटजी, माल तिकडं आन् वजनं इकडं घाला बघू." घातली. ज्वारीचे पारडे खाली बसले. दोन किलोंवर ज्वारी काढली तेव्हा दांडी आडवी झाली. आम्हांस बोलता येईना.

अशा काट्यावरही खरे वजन निघते. मालासमोर वाळू घालून दांडी आडवी करावी, मग माल उतरवून त्याच पारड्यात वजने ठेवावीत. भुजा तीच, म्हणून फरक उरत नाही. ही रीत फ्रान्सच्या बोर्दा (१७३३–१७९९) यांच्या नावे ओळखली जाते. नवा काटा येईतो आम्ही तसेच तोलले, हमाल कुरकुरले.

त्या हंगामाची पोती वहीवरून मोजून जादा आलेल्या ज्वारीचे पैसे परत केले. ज्यांचा पत्ता लागला नाही, त्यांची रक्कम अजून आमच्याकडे जमेस आहे.